जात्यावरचं सिनेमाचं गाणं

उन्हाळा मौजेचा असतो, हे मला पहिल्यांदा एका गाण्याने सांगितलं आणि मला ते पटलं नाही. गाणं मात्र आवडलं. त्यात काय आवडलं असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, आणि आजही थोडंच सांगता येईल. पण त्या गाण्यामुळे माझ्या सासरी जे घडलं ते नीट सांगता येतं, म्हणून तेच लिहायला घेतलं आहे.

माझं माहेर धाराशिवचं. सरकारी कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. वडील कोर्टात कारकून होते. आमच्या घरी रेडिओ नव्हता, पण समोरच्या शिंप्याच्या दुकानात होता आणि शिंपी मनाचा मोठा होता. तो रेडिओ इतक्या जोरात लावायचा की गल्लीत दुसऱ्या कुणाला रेडिओ घेण्याची गरजच राहिली नव्हती. मी मॅट्रिकला इंग्रजीत आपटले, त्या उन्हाळ्यात ते गाणं आलं. घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. वडील तर जेवताना ताटाकडेच बघायचे. अशा दिवसांत, भर दुपारी, समोरून एकदम शीळ ऐकू आली.

हिंदी सिनेमातलं गाणं होतं. उघड्या मोटारीतून पोरं-पोरी कुठेतरी निघाली आहेत हे सिनेमा न बघताही कळायचं. आधी शीळ, मग टणटण वाजणारी गिटार, आणि मागे ठेका असा की शिंप्याचा पाय मशीनवर आपोआप जोरात चालायचा. शब्द म्हणाल तर हवा गार आहे, रस्ता मोकळा आहे, दिवस उन्हाळ्याचे आहेत, चला. कुठे चला, ते शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही. जिथे शब्द सुचले नसतील तिथे ला-ला-ला. कॉलेजात जाणारा माझा भाऊ म्हणाला की ही विलायती तऱ्हा आहे, तिकडे याला रॉक अँड रोल म्हणतात आणि त्यात अर्थ शोधायचा नसतो. तो पास झालेला होता, त्यामुळे त्याचं सगळं ऐकून घ्यावं लागायचं.

ज्याने ते गाणं लिहिलं त्याने आमचा वैशाख पाहिलेला नव्हता, एवढं खरं. आमच्याकडे उन्हाळ्यातली हवा म्हणजे झळ. आडाचा तळ दिसायला लागायचा, बायका घागरी लावून सावलीच्या मागे मागे सरकत बसायच्या आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. त्यात हा गडी सांगतोय, हवा गार आहे. चिडायला हवं होतं. मी चिडलेही. पण शीळ सुरू झाली की हातातलं काम ठेवून खिडकीशी जायची, हेही खरं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या गाण्याला आपल्याकडून काही नको होतं. आमच्याकडच्या प्रत्येक गाण्याला काहीतरी हवं असायचं. भजनाला भक्ती हवी, ओवीला डोळ्यांत पाणी हवं, गोंधळाला जागरण हवं, शाळेतल्या गाण्याला देशासाठी छाती पुढे काढलेली हवी. हे गाणं आलं आणि म्हणालं, नुसतं ऐका. सुधारू नका, रडू नका, पुढच्या वर्षी पास होईन असं वचनसुद्धा देऊ नका. नापास मुलीला याहून जास्त काय पाहिजे?

पुढच्या माघात माझं लग्न झालं आणि मी जळकोटला आले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. घरची शेती होती, वाट्याने दिलेली. नवरा एस.टी.त कंडक्टर, आठवड्यातून एकदा सुटीला घरी. बाकीचे दिवस घरात मी आणि सासरे. सासूबाई मी येण्याच्या आधी, दोन पावसाळ्यांपूर्वीच गेल्या होत्या. शेजारच्या घरात सासऱ्यांच्या थोरल्या चुलतभावाची विधवा बायको राहायची. तिला मी आत्याबाई म्हणायचे. स्वयंपाक माझा आणि देखरेख तिची, असं आमचं वाटप होतं.

सासरे म्हणजे मामंजी. शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. निझामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले आणि राज्य गेल्यावर मराठीत शिकवायला लागलेले. पण गावात त्यांचं नाव होतं ते भजनामुळे. दर शुक्रवारी रात्री मारुतीच्या देवळात भजनी मंडळ बसायचं. मामंजी पेटी वाजवायचे आणि देवीवर पदं रचून म्हणायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांनी देवळात पाऊल टाकलं नव्हतं. शपथ वगैरे घेतली नव्हती, नुसते जायचे थांबले. पेटी फडक्यात बांधून फळीवर ठेवलेली होती. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने मला बजावलं, "बाबांपुढं पेटीचं नाव काढू नको. अन् जेवताना जरा ध्यान दे त्यांच्याकडं. खाणं तुटलंय."

ध्यान द्यायला फार काही नव्हतं. सकाळी अर्धी भाकरी, रात्री अर्धी, तीही माझ्या डोळ्यांसमोर म्हणून. दिवसभर ओसरीवर बसून राहायचे. सदऱ्याची बटणं आधी म्हणे लावली की ताणली जायची, आता सदरा अंगावर लोंबायचा. आत्याबाई मला विहिरीवर हळूच म्हणाली, "असंच चाललं तर ह्या पावसाळ्याला म्हातारा ऱ्हात न्हाय बघ." मी त्या घरात नवीन होते, पण एवढं कळत होतं की त्यांनी पुन्हा गायला हवं, नाहीतर ते खरोखरच राहायचे नाहीत. त्यांना गायला कसं लावायचं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

उन्हाळा लागला आणि तूर भरडायचं काम निघालं. ज्वारी दळायला गावात गिरणी आली होती, पण डाळ सगळ्यांच्या घरची घरीच व्हायची. तुरीला पाणी लावून रात्रभर ठेवायची, दोन-चार उन्हं द्यायची आणि मग जात्यावर भरडायची. डाळ वेगळी, चुणी म्हशीला. आमच्या घरचं जातं सासूबाई गेल्यापासून भिंतीला टेकून उभं होतं. आत्याबाईने आणि मी ते आडवं केलं, धुतलं, खुंटा ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे गार वेळेला मी एकटीच भरडायला बसले, कारण आत्याबाईचे गुडघे धरले होते.

जात्यावर बसलं की तोंड गप्प राहत नाही. बाईमाणसाचं ते अंगच आहे. पण मला ओव्या येत नव्हत्या. शहरात वाढलेली कारकुनाची पोर, मला कुठून येणार? जे येत होतं ते आपोआप आलं. शीळ घालता येत नव्हती म्हणून ती हुंकाराने म्हटली. हिंदी शब्द सासरी कसे म्हणायचे, म्हणून शब्द गाळून नुसती चाल. तूर भरडताना जातं जड फिरतं. मूठ टाकायची, जोर लावायचा, पुन्हा मूठ. मोटारीतून पळणारं ते गाणं जात्याने धरून बैलगाडीत बसवलं. जिथे ला-ला-ला होतं तिथे माझा दम लांबायचा आणि त्याचं काहीतरी भलतंच, ओढलेलं, उदास व्हायचं. मलाच हसू येत होतं. पण चाल सोडवत नव्हती. अवघड काम थोडं हलकं होत होतं.

तूर तीन-चार दिवस चालली. शेवटच्या दिवशी मी सूप घेऊन ओसरीवर आले तर मामंजी भिंतीला पाठ लावून बसले होते, जात्याच्या खोलीच्या बाजूच्या भिंतीला. रोज ते दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. दुपारी त्यांनी फळीवरून पेटी काढली. फडकं झटकलं. तिचे दोन सूर बसले होते, ते जुळवत संध्याकाळपर्यंत बसले. मी आत भाकरी थापत होते आणि माझे हात थांबले, कारण पेटीवर ते माझीच चाल वाजवत होते. माझी म्हणजे जात्यावरची, संथ.

मला आनंद झाला, लपवायचं काय. म्हटलं, चला, आपल्यामुळे म्हाताऱ्याला काहीतरी सुचलं. सुनेकडून चाल घेतली असं ते कुणाला सांगणार नाहीत, आणि मला त्याची गरजही नव्हती.

शुक्रवारी मामंजी धुतलेलं धोतर नेसून देवळात गेले. गावात बातमी आधीच पसरली होती. पुरुष आत बसले, आम्ही बायका पायऱ्यांच्या खाली अंधारात. मंडळाची एक रीत होती. कुणी नवं पद आणलं की पखवाजवाला विचारायचा, चाल कुणाची? म्हणणाऱ्याने नाव सांगायचं, त्या माणसाला हात जोडायचे आणि मगच सुरुवात. चोरून आणलेल्या चालीवर देव प्रसन्न होत नाही, असं ते मानायचे. त्या दिवशीही पखवाजवाल्याने विचारलं, "मास्तर, चाल कुनाची?"

"आमच्या घरची," मामंजी म्हणाले. "जात्यावरची. मंडळींची." आणि त्यांनी हात जोडले.

मंडळी म्हणजे बायको. सगळ्यांना कळलं. आत कुणीतरी नाक ओढलं, आणि मग मामंजींनी देवीचं पद सुरू केलं. आई, तू डोंगरावरून उतर, माझ्या घराकडे एकदा बघ, अशा अर्थाचं. मोटारीतल्या पोरांची चाल पखवाजावर अशी काही बसली की माझ्या शेजारच्या बाईने पदर डोळ्यांना लावला. मला तेव्हा उलगडा झाला. इतके दिवस त्यांना वाटत होतं की सासूबाईंची ओवी त्यांच्यामागे घरात राहिली आहे, शेजारणींकडून माझ्यापर्यंत आली आहे आणि मी ती भिंतीपलीकडून त्यांना ऐकवते आहे.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. तिने शेंगा फोडता फोडता ऐकलं.

"ती चाल तुझ्या सासूची न्हाय, ते मला कालच कळलं," ती म्हणाली. "तिच्या वव्या मी तिच्या जोडीला बसून म्हनल्यात. पर काल रातच्याला भाकर किती खाल्ली म्हाताऱ्यानं?"

"दीड."

"मग गप ऱ्हा."

नवरा सुटीला आला. कंडक्टरला सगळी गाणी ठाऊक, कारण सोलापूरच्या स्टँडवर हॉटेलातला रेडिओ दिवसभर चालू. मामंजींनी कौतुकाने त्याला पद म्हणून दाखवलं. दोन ओळींत त्याचे डोळे मोठे झाले. त्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. पद संपल्यावर तो म्हशीला बघून येतो म्हणून गोठ्यात गेला आणि बराच वेळ तिकडून त्याच्या ठसक्याचे आवाज येत होते. परत आला तेव्हा मात्र हसत नव्हता. रात्री म्हणाला, "त्यांना कळलं तर ते परत कधी पेटीला हात लावणार न्हाईत. तू काय बोलू नको, मी बी बोलत न्हाय." अशी ती गोष्ट आम्ही तिघांनी वाटून घेतली.

आणि ते पद गावभर झालं. हे मला सांगायलाच हवं, कारण माझ्या मते त्याचं श्रेय देवीइतकंच त्या गाण्याचंही होतं. मामंजींची आधीची पदं म्हणे विद्वान होती. त्यांत संस्कृत शब्द असायचे आणि लोक मान डोलवायचे, पण घरी जाताना कुणाच्या तोंडी काही नसायचं. या पदाची चाल मोटेवरचा गडी म्हणायचा, शेण गोळा करणाऱ्या पोरी म्हणायच्या. जात्याने कितीही ओढून धरलं तरी त्या चालीच्या पोटात ती मोटार पळतच होती. लोकांना वाटायचं आपण देवीला आळवतोय, पण पाय ठेका धरायचे. शेजारच्या गावांतून बोलावणी यायला लागली. मामंजी जेवायला बसले की आता मीठ कमी, कालवण पांचट असं बोलायला लागले. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याचा मला आयुष्यात तेवढाच एकदा आनंद झाला असेल. एरवी मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही.

वैशाख सरत आला. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते म्हणून मला माहेरी बोलावलं. नवऱ्याची ड्यूटी होती त्याच गाडीने जायचं ठरलं. मामंजी माझी वळकटी घेऊन थांब्यापर्यंत सोडायला आले. हातात छत्री, उन्हासाठी. रस्त्याच्या पलीकडे चहाचं हॉटेल होतं आणि त्याने नुकताच रेडिओ आणला होता. आम्ही लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. गाडीला उशीर होता. समोर हळद-कापसाच्या भावाबद्दल काहीतरी चाललं होतं. मग ते संपलं आणि शीळ वाजली.

मी मामंजींकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. आधी त्यांचं लक्ष नव्हतं. मग गिटारीवर चाल आली आणि त्यांची बोटं छत्रीच्या मुठीवर वाजायला लागली, आपली सवयीची, पखवाजाच्या लयीत. गाणं त्यांच्या बोटांच्या पुढे पळायला लागलं. बोटांनी गाठायचा प्रयत्न केला, मग ती मागे पडली, मग थांबली. त्यांनी मान वर करून हॉटेलकडे बघितलं. पूर्ण गाणं, ला-ला-लासकट, उभ्याने ऐकलं. हॉटेलात बसलेले दोन ट्रकवाले टेबलावर ताल धरत होते. एकाने तर मामंजींना बघून सलामही ठोकला.

गाडी आली. नवरा दारात लोंबकळत होता. त्याने वडिलांचा चेहरा बघितला, रेडिओ ऐकला आणि घंटीची दोरी ओढायचं विसरला.

"डोकं झाकून बस, झळ लागंल," मामंजी मला म्हणाले. गाडी सुटली तेव्हा ते लिंबाखाली तसेच उभे होते, छत्री मिटलेली.

माहेरी माझं कशात मन लागेना. पाहुणे आले, बहिणीला पसंत करून गेले, आई लाडू वळत होती आणि मी समोरच्या शिंप्यावर राग काढत होते. सकाळ-संध्याकाळ त्याच्या रेडिओवर तेच. मला त्या गाण्याचाही राग आला, हॉटेलवाल्याचाही, आणि खरं सांगायचं तर मामंजींचाही. एवढ्याशा, कुणाकडे काही न मागणाऱ्या गाण्यावर माणसाने मरणाइतका भार का टाकावा? चार-पाच दिवसांनी नवरा गाडी घेऊन धाराशिवला आला, तो तसाच घरी. पाणीही न घेता म्हणाला, "बाबा शुक्रवारी गेले न्हाईत. लोक बोलवायला आले तर म्हनले, तब्येत ठीक न्हाय. पेटी बांधून ठेवलीय. अन् भाकर परत अर्धीच."

मी त्याच गाडीने परत निघाले. आईला राग आला, पण मी तिला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला आणखी राग आला असता.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मामंजी ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. आत्याबाई जोत्यावर बसून लसूण सोलत होती. मी पाय धुऊन आत गेले आणि मामंजींना पाणी आणून ठेवलं.

"बस जरा," ते म्हणाले.

सुनेने सासऱ्यासमोर बसायची आमच्या घरी पद्धत नव्हती. मी उंबऱ्याच्या आत, दाराआड बसले.

"तूर भरडताना म्हनत व्हतीस ती हीच का? हॉटेलातली?"

"होय, मामंजी."

"तिची म्हनून कुनी शिकवली न्हाय तुला?"

"नाही. मी माहेरूनच आणली. सिनेमातली आहे."

"मग मी देवळात तिचं नाव घेतलं, तवाच का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही जेवायला लागला होता," मी म्हणाले.

मला वाटलं आता ते उठून जातील. ते उठले नाहीत. पाण्याचा तांब्या उचलून प्यायले आणि खाली ठेवला.

"सगळी म्हन," ते म्हणाले. "सिनेमात हाय तशी. शब्दासकट."

दाराआडून, अंगातून घाम गळत असताना, मी सासऱ्यांना ते उनाड गाणं म्हणून दाखवलं. शीळ सोडली तर सगळं. मामंजी शाळेत कविता ऐकावी तसे डोळे मिटून ऐकत होते. एका शब्दाला त्यांनी मला थांबवलंसुद्धा, "मौसम म्हन. मोसम नव्हं." उर्दू शिकलेला माणूस, त्यांना ते सहन झालं नाही. मी सुधारून म्हटलं आणि शेवटचं ला-ला-ला उरकलं.

"ह्यात तर कायबी न्हाय," मामंजी म्हणाले.

"नाही."

"कुठं जायचं त्याचाबी पत्ता न्हाय."

"नाही, मामंजी."

"तरी ऐकल्यावर जरा हलकं वाटतंय." हे त्यांनी तक्रार केल्यासारखं म्हटलं. "तेवढंच हाय त्यात. पर ते हाय." रस्त्यावरून एक मालट्रक गेली, तिची धूळ खाली बसली.

मग ते आत्याबाईकडे वळले. ती वयाने आणि नात्याने मोठी, म्हणून तिच्याशी ते अदबीने बोलायचे. "वैनी, तुमी तिच्या जोडीला बसायचा. तिची चाल कंची व्हती?"

आत्याबाईने मान वर केली. "तुमाला ठावं न्हाय?"

"मी आत पोथी वाचत असायचो. जातं वाजायचं तेवढं ठावं हाय. हिनं म्हनलं आन् मला वाटलं, हीच आसंल. दुसरी काय आठवना, मग हीच आसंल."

एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसून त्या दोघांचा सगळा संसार झाला होता. मला त्यांची फार दया आली, आणि न बघितलेल्या सासूबाईंचीही. आत्याबाईने लसणाचं ताट बाजूला सारलं, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणायला लागली.

मला वाटलं होतं, सासूबाईंची ओवी म्हणजे काहीतरी खोल, दुःखाचं असेल. गावातल्या सगळ्यांनाच तसं वाटत असावं. ती चाल माझ्या सिनेमाच्या गाण्याहून उडती निघाली. जात्याच्या पुढे पळणारी. माहेरच्या वाटेवर भाऊ भेटला, त्याचा फेटा वाऱ्याने उडाला, तो शोधायला सगळा बाजार धावला, असलं काहीतरी. प्रत्येक कडव्यात फेटा आणखी लांब जायचा. आत्याबाईला म्हणता म्हणता हसू येत होतं, म्हातारीच्या गळ्यात ते अडकत होतं.

मामंजी शेवटपर्यंत ऐकत होते. "ही तिची?"

"तिचीच."

"मी न्हाय ऐकली कधी," ते म्हणाले. "परत म्हना."

तिने परत म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना ते हळूहळू तिच्या मागून म्हणायला लागले. चुकत होते. ज्या माणसाने अख्ख्या मंडळाला ताल शिकवला तो पहिल्याच ओळीत अडखळत होता, कारण मधेच एका जागी आत्याबाई थांबायची आणि मग पुढची ओळ अगदी बारीक आवाजात म्हणायची. प्रत्येक वेळी तिथेच.

"हितं का थांबता, वैनी? दम लागतो का?"

"मला कशाचा दम लागतोय," आत्याबाई म्हणाली. "तीच थांबायची हितं. आतनं तुमचा आवाज यायचा, हळू म्हना म्हनून."

मामंजींनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी ओसरीच्या जमिनीवर बोटांनी ताल धरला, ओवी सुरुवातीपासून उचलली, आणि त्या जागी न थांबता, मोठ्याने, शेवटपर्यंत म्हटली.